शिडाच्या नौकेवरील सात दिवस : बेत आणि हिशेब

स्वित्झर्लंड झाले, सिंगापूर झाले, दुबई तर दोन-तीनदा झाली. आता घरातील तरुण मंडळी यॉटचे नाव काढू लागली आहेत. मोबाइलच्या पडद्यावर निळेशार पाणी, पांढरे शीड आणि टेकडीच्या उतारावरील पांढरी घरे दिसतात. खाली आकडा असतो, एका आठवड्याचे भाडे पाच हजार युरो. सहा माणसांत वाटले तर हॉटेलपेक्षा फार महाग नाही, असा युक्तिवाद केला जातो. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "आणि जेवणाचे काय?" आजींना वेगळीच काळजी असते, "बोट फार हलते का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही, आणि सहलीचे सुखदुःख पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते : बोट कोठे व केव्हा जाईल, हे ठरविणार कोण?

ग्रीसचे उदाहरण घेणे सोयीचे, कारण शिडाच्या नौका आठवड्याच्या बोलीने भाड्याने देण्याचा व्यवसाय तेथे चांगलाच रुळलेला आहे. हा प्रकार क्रूझहून अगदी निराळा. क्रूझ म्हणजे तरंगते हॉटेल; तेथे प्रवाशाने फक्त बसायचे असते. यॉट ही चाळीस-पंचेचाळीस फुटांची नौका. तिच्यात तीन-चार छोट्या केबिन, मध्ये बैठकीची जागा, कोपऱ्यात दोन-तीन शेगड्यांचे स्वयंपाकघर. तिचे भाडे तीन तऱ्हांनी ठरते. स्वतः नौका हाकण्याचा परवाना असेल तर नुसती नौका मिळते. ग्रीसमध्ये त्यासाठी परवानाधारक नाविक आणि त्याच्या जोडीला अनुभवी साथीदार लागतो. परवाना नसेल तर नौकेसोबत कप्तान घ्यावा लागतो, म्हणजे कोकणच्या भाषेत तांडेल. तिसरा प्रकार पूर्ण कर्मचाऱ्यांसह असलेल्या मोठ्या यॉटचा. त्यात भाड्याखेरीज खर्चासाठी भाड्याच्या पाव ते तृतीयांश इतकी रक्कम आगाऊ ठेवून घेतात. व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने मधला मार्ग व्यवहार्य आहे, आणि येथे विचार त्याचाच करावयाचा आहे.

पहिला निर्णय जागेचा. तरुणांच्या यादीत सर्वांत वर सँटोरिनी असते, त्याखाली मिकोनोस. ही दोन्ही सिक्लाडीस द्वीपसमूहातील बेटे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. त्याची फसवणूक अशी की, आकाश निरभ्र असते, ऊन झळाळत असते, ढगाचा ठिपकाही नसतो, आणि तरीही वारा ताशी पंचवीस-तीस सागरी मैलांच्या वेगाने सलग चार-पाच दिवस झोडपत राहू शकतो. पावसाळी वादळाची सवय असलेल्या भारतीय डोळ्यांना यात धोका दिसतच नाही. अथेन्सहून सँटोरिनी शंभराहून अधिक सागरी मैल दक्षिणेला आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि शिडाची नौका ताशी पाच-सहा सागरी मैल चालते. जाताना वारा पाठीशी असतो, सगळे आनंदात असतात, छायाचित्रे घरच्या ग्रुपवर पोचतात. परत येताना तोच वारा तोंडावर असतो. जाताना उतार आणि येताना चढ अशा या रस्त्यावर आठवड्याच्या बोलीची नौका घेऊन जाणे म्हणजे मुदतीचे कर्ज काढून परतफेडीचा विचार न करणे.

त्याऐवजी अथेन्सच्या नैऋत्येला सारॉनिक आखात आहे. अॅटिका आणि पेलोपोनेस या दोन भूभागांच्या कुशीत असल्याने तेथे मेल्तेमीचा जोर पुष्कळ ओसरलेला असतो. वारा नसतोच असे नव्हे. परंतु बेटांमधील अंतरे दोन-तीन तासांची आणि आसऱ्याची बंदरे जवळजवळ आहेत. एजिना, पोरॉस, हायड्रा, स्पेत्से ही तेथील प्रमुख बेटे. नावे कमी ऐकलेली असल्याने तरुण मंडळी नाक मुरडतात. त्यांना हायड्राची छायाचित्रे दाखवावीत. विरोध पुष्कळसा मावळतो.

दुसरा निर्णय काळाचा, आणि येथे एक सुखद योग जुळून येतो. आषाढात, बहुधा जुलैमध्ये, चातुर्मास बसतो. पुढे पर्युषण येते. त्या काळात घरातील वडीलधारी मंडळी प्रवासाला निघत नाहीत, निघू इच्छीत नाहीत. नेमके तेच दोन महिने मेल्तेमीच्या जोराचे, गर्दीचे आणि चढ्या भाड्याचेही असतात. महाराष्ट्रातील शाळा बहुतेक ठिकाणी जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे मे महिन्याचा अखेरचा आणि जूनचा पहिला आठवडा हा धर्म, शाळा, वारा आणि भाडे या चारही बाजूंनी सोयीचा ठरतो. पाणी मात्र तेव्हा अंमळ गार असते. पोहण्यासाठीच जाणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे. आणखी एक गोष्ट अशी की, जूनच्या आरंभी अथेन्सला सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्यांना परदेशात संध्याकाळी जी धावपळ करावी लागते, ती येथे करावीच लागत नाही. सातला बंदरात नांगर टाकावा, स्वस्थपणे जेवावे, आणि मग उजेडातच धक्क्यावर फेरफटका मारावा.

आता माणसांचा हिशेब. चार केबिन म्हणजे आठ माणसे, असे जाहिरातीवरून वाटते. ते चूक आहे. कप्तान रात्रीही नौकेवरच राहतो आणि दिवसभर सुकाणू धरणाऱ्या माणसाला नीट झोप लागते. काही नौकांत पुढच्या टोकाशी त्याच्यासाठी एक अरुंद बिछाना असतो, तर काहींत त्याला बैठकीच्या बाकावर झोपवतात, म्हणजे रात्री कोणी पाणी प्यायला उठले तरी त्याची झोप मोडते. चार केबिनच्या नौकेत कुटुंबाची सहा माणसे आणि चौथी केबिन कप्तानाची, हा खरा हिशेब होय. आजी-आजोबा असतील तर नौका कॅटमरान, म्हणजे दोन जोड सांगाड्यांची घ्यावी. एका सांगाड्याची नौका वाऱ्यात पंधरा-वीस अंश कलून चालते. तरुणांना त्यात मौज वाटते, पण गुडघे दुखणाऱ्याला त्या कललेल्या जमिनीवर शौचालयापर्यंत जाणे संकट होऊन बसते. कॅटमरान फारशी कलत नाही. तिचे भाडे व बंदराचे शुल्क अधिक असते, परंतु हा खर्च चैनीचा नव्हे.

पाच हजार युरोच्या आकड्याकडे आता वळता येईल. उदाहरणादाखल सहा माणसांचे कुटुंब धरावे. नौकेचे भाडे ५,००० युरो. कप्तान दिवसाला २०० युरोप्रमाणे सात दिवसांचे १,४००. सफाई, चादरी, गॅस, छोटी होडी व तिचे इंजिन यांचा बंधनकारक सेवाखर्च ४००. डिझेल २५०. बंदरांचे शुल्क, पाणी व वीज २००. सात माणसांचे खाणेपिणे ८००. सात अशासाठी की कप्तानाचे जेवण पाहुण्यांकडे असते. अनामत रकमेची जोखीम कमी करणारे शुल्क ३५०. बेरीज ८,४००. हे आकडे नौकेप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे बदलतील, पण प्रमाण फारसे बदलत नाही : जाहिरातीत दिसतो तो खऱ्या खर्चाचा साठ टक्के भाग. विमान, व्हिसा, विमा आणि अथेन्समधील दोन रात्री याखेरीज. हिशेबाच्या सोयीसाठी युरो शंभर रुपयांना धरला तर नौकेवरचा आठवडा आठ लाख चाळीस हजारांचा होतो. निम्मे भाडे नोंदणीच्या वेळी आणि उरलेले प्रवासाच्या महिनाभर आधी, अशी सर्वसाधारण रीत आहे. मधल्या काळात युरो पाच रुपयांनी चढला तर दुसऱ्या हप्त्यातच साडेबारा हजार रुपये वाढतात. व्यापाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. परंतु मालाच्या आयातीत जो दराचा विचार करतो तोच सहलीच्या वेळी तो विसरतो, असेही दिसते.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत व्यापारी घरांत एक चूक हटकून होण्याचा संभव असतो. पेढीच्या चालू खात्यातून रक्कम पाठवून द्यावी आणि नंतर खतावणीत कोठेतरी नोंद करावी, असा सहज विचार येतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठविण्याची मुभा आहे, ती निवासी व्यक्तीला. अज्ञान मुलांनाही ती पालकाच्या सहीने मिळते. भागीदारी पेढी, कंपनी, न्यास आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती नाही. म्हणून रक्कम कर्त्याच्या वैयक्तिक बचत खात्यातून, त्याच्या पॅनवर जावी. पेढीचा खर्च म्हणून ती दाखवणे तर आयकराच्याही दृष्टीने टिकणारे नाही. परदेशी सहलीचे पॅकेज घेताना किंवा मर्यादेपलीकडे रक्कम पाठवताना उगमस्थानी कर गोळा केला जातो. त्याचे दर व मर्यादा गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या आहेत, तेव्हा चालू वर्षाचा दर चार्टर्ड अकाउंटंटला विचारूनच घ्यावा. हा खर्च नव्हे, ही आगाऊ भरलेली रक्कम. विवरणपत्र भरताना ती करात वळती होते अथवा परत मिळते. तोपर्यंत मात्र ती अडकलेली असते आणि घरच्या रोखीच्या नियोजनात ती धरावी लागते.

व्हिसाचा क्रम हा त्याहून नाजूक भाग. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, आणि त्यासोबत तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. चांगल्या नौका मात्र हिवाळ्यातच आरक्षित होतात. व्हिसा नाकारला गेला म्हणून भाडे परत करण्याची तरतूद करारात सहसा नसते. म्हणजे निम्मी रक्कम भरून ठेवायची आणि मग सहा पासपोर्टांच्या निकालाची वाट पाहायची, अशी परिस्थिती. यावर उपाय दोन. नोंदणी करतानाच तारीख बदलून देण्याची किंवा पुढील मोसमात वळती करण्याची अट लेखी मागावी. मे-जूनच्या तुलनेने निवांत काळासाठी अशी सवलत मिळण्याची शक्यता अधिक. आणि व्हिसाचा अर्ज अशा बेताने करावा की दुसरा हप्ता भरण्यापूर्वी निकाल हाती येईल. कागदपत्रांत त्या सात रात्रींच्या निवासाचा पुरावा म्हणून नौकेचा करार आणि प्रवाशांची नावे असलेली यादी जोडावी. अलीकडच्या-पलीकडच्या रात्रींचे हॉटेल वेगळे दाखवावे.

करारात अनामत रकमेचे कलम सर्वांत सावकाश वाचावे. नौका ताब्यात घेताना दोन ते पाच हजार युरोंपर्यंतची रक्कम क्रेडिट कार्डावर रोखून धरतात. ती खर्ची पडत नाही, पण कार्डाची तेवढी मर्यादा आठवडाभर गोठते. कार्डाचा परदेशातील वापर बँकेकडून आधी सुरू करून घेतला नसेल तर ऐन वेळी धक्क्यावर उभे राहून बँकेला फोन करण्याची पाळी येते. कप्तान व्यावसायिक असला तरी छोटी होडी हरवणे, तिचे इंजिन पाण्यात पडणे, शौचालय तुंबणे यांची भरपाई सहसा याच रकमेतून होते. नौकेवरील शौचालयाची नळी अरुंद असते. तीत कागदसुद्धा टाकायचा नसतो. नातवंडांना हे पहिल्याच दिवशी सांगावे, दोनदा सांगावे. ताबा घेताना काट्याचमच्यांपासून दोरखंडांपर्यंत यादी पडताळून सही करायची असते. प्रवासाने थकलेली मंडळी ती न वाचताच करतात. प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढून ठेवायला अर्धा तास पुरतो.

आजोबांचा प्रश्न अजून बाकी आहे. जेवणाच्या बाबतीत नौकेची सोय हॉटेलपेक्षा खरोखरच उजवी आहे, कारण स्वयंपाकघर आपल्या ताब्यात असते. मात्र तेथील भांडी आधीच्या पाहुण्यांनी मासळी-मांसासाठी वापरलेली असणार, हे गृहीत धरावे. प्रेशर कुकर, एक कढई, तवा आणि वाट्या-चमचे घरून न्यावेत; कुकरमुळे गॅस आणि पाणी दोन्ही वाचतात. सामान चाकांच्या टणक बॅगेत नव्हे, घडी होणाऱ्या मऊ बॅगेत न्यावे, कारण रिकामी बॅग ठेवण्यास नौकेत जागाच नसते. मिक्सर, इंडक्शन शेगडी ही नौकेच्या बॅटरीवर चालत नाहीत. धक्क्यावरील वीज मिळाली तरच. उकळलेले पाणी पिण्याचा नियम असेल तर दिवसाचे पाणी सकाळी, बंदरातून सुटण्यापूर्वीच उकळून घ्यावे. भर समुद्रात उकळत्या पातेल्यापाशी उभे राहण्याचे धाडस सुनेला करावे लागू नये.

युरोपीय संघात प्रवाशाने दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. म्हणून तूप, पेढे, बर्फी हे बॅगेत भरू नये. विमानतळावर ते काढून घेतले जाऊ शकते. ताज्या फळभाज्यांनाही असेच निर्बंध आहेत. अथेन्समध्ये ओमोनिया चौकाच्या परिसरात दक्षिण आशियाई किराण्याची दुकाने आहेत. डाळ, तांदूळ, पीठ तेथे मिळते. भेंडी, काकडी, टोमॅटो, घेवडा, दोडक्याच्या जवळपास जाणारी कोवळी झुकिनी बेटांवर सर्वत्र मिळते. फेटा चीज परंपरेने प्राणिज विरजणाने तयार करतात, तेव्हा वेष्टनावर वनस्पतिज विरजणाचा उल्लेख नसेल तर ते टाळावे. दही उत्तम असते, पण त्यावर मध घालण्याची तेथे पद्धत आहे. मध नको असे मागतानाच सांगावे. खाणावळीत एक शब्द उपयोगी पडतो : 'निस्तिसिमो'. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाला चालणारे अन्न, असा त्याचा अर्थ. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसते. तरीही सावध राहावे. त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूल चालतात, आणि कांदा-लसूण तर सर्रास असतो. बोट लागू नये म्हणून आल्याची शिफारस केली जाते; आले वर्ज्य असलेल्यांनी सुंठीची पूड जवळ ठेवावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग कमी होतो. नौका शाकाहारी राहील आणि तीवरून मासे गळाला लावले जाणार नाहीत, हे नोंदणीच्या वेळीच लिहून कळवावे. कप्तानाला मांसाहार हवा असेल तर त्याने तो किनाऱ्यावर खाणावळीत करावा व त्याचे पैसे पाहुण्यांनी द्यावेत, ही तडजोड बहुतेकांना मान्य होते.

मार्ग साधासुधा ठेवावा. ताबा शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास अथेन्सच्या अलिमोस बंदरात मिळतो; ती रात्र सामान लावण्यात तेथेच जाते. रविवारी तीन तासांवर एजिना. हे बेट पिस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि अफाइयाचे प्राचीन मंदिर टेकडीवर उभे आहे. परंतु पैशाशी संबंध असलेल्या माणसाला तेथे आणखीही काही आठवावे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात या चिमुकल्या बेटाने पाडलेली चांदीची नाणी, एका बाजूला समुद्री कासव असलेली, ग्रीक जगातील सर्वांत जुन्या नाण्यांपैकी गणली जातात आणि दूरदूरच्या बाजारांत ती बिनबोभाट स्वीकारली जात. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांनी ग्रीस स्वतंत्र होऊ लागला तेव्हा नव्या देशाचे 'फिनिक्स' हे पहिले नाणेही एजिनावरच पाडले गेले. सोमवारी समोरच्या किनाऱ्यावर जुने एपिडॉरस. तेथून टॅक्सीने प्राचीन नाट्यगृह पाहता येते. मंगळवारी पोरॉस. बुधवारी हायड्रा.

हायड्रावर थोडे थांबावे. या बेटावर मोटारी नाहीत; सामान खेचरांवरून वाहतात. बंदराभोवती घोड्याच्या नालासारखी दगडी वाड्यांची रांग आहे. हे वाडे राजांचे नव्हेत, जहाजमालक व्यापाऱ्यांचे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रज आरमाराने बंदरे रोखून धरली असता हायड्राचे कप्तान धान्य घेऊन ती फळी भेदीत आणि मोठा नफा कमावीत. त्या नफ्यात खलाशांचाही वाटा असे. पगारी नोकर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून ते समुद्रावर जात. खडकाळ, पाण्याला महाग असलेल्या बेटावर संपत्ती आली ती अशी. १८२१ चे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा हीच व्यापारी जहाजे युद्धनौका झाली. शेजारच्या स्पेत्से बेटावरील लास्कारिना बुबुलिना या विधवा जहाजमालकिणीने तर स्वतःच्या पैशाने 'अगामेम्नॉन' जहाज सज्ज करून त्याचे नेतृत्व केले. तिच्या घराचे आज संग्रहालय झाले आहे.

स्पेत्से मात्र बेताच्या कागदावर कंसात लिहावे. हायड्राहून ते आणखी तीन तास पुढे आहे आणि तेवढेच परत यावे लागते. गुरुवार हा मोकळा ठेवलेला दिवस असावा. वारा अनुकूल असेल तर स्पेत्से, नसेल तर पोरॉसकडे परत. हायड्राचे बंदर लहान आहे, दुपारपूर्वी पोचले नाही तर नौका नौकेला बांधून तिसऱ्या रांगेत उभे राहावे लागते, आणि सकाळी एकमेकांच्या नांगरांच्या साखळ्या अडकलेल्या सापडतात. समोरच्या भूभागावरील एर्मिओनी येथे नौका ठेवून प्रवासी बोटीने हायड्रा पाहून यावे, असे कप्तान सुचवील. त्यात कमीपणा मानू नये. इतर ठिकाणी उघड्या खाडीत थांबावे लागले तर नांगर वाळूत टाकण्यास त्याला सांगावे. पाण्याखाली पोसिडोनिया नावाच्या गवताची कुरणे असतात, असंख्य जिवांचे ती घर. नांगराने ती उपटली जातात. गवतात नांगर धरतही नाही, वाळूत चांगला धरतो.

आता तो तिसरा प्रश्न. व्यापारी घरात पैसे देणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो, आणि तसे असण्यात वावगे काही नाही. गाडी ठरवली की चालकाला सांगितले जाते, इकडे वळव, तेथे थांब. नौकेवर हे चालत नाही. सुरक्षेच्या बाबतीत कप्तानाचा निर्णय अंतिम, असे करारात लिहिलेलेच असते. वारा फार वाढला तर बंदराचे अधिकारीही नौका सुटू देत नाहीत. अडचण येते ती मधल्या परिस्थितीत. वारा ताशी बावीस-पंचवीस सागरी मैलांचा आहे, अंदाज वाढण्याचा आहे, बंदी अजून नाही, आणि मोठा मुलगा म्हणतो आहे की एवढे पैसे भरून दिवसभर धक्क्याला बांधून बसायचे का. कप्तान बहुधा तिशीतला, हंगामी काम करणारा. पाहुण्यांच्या शिफारशीवर त्याचे पुढचे काम अवलंबून. त्याला 'नाही' म्हणणे जड जाते. तो एकदा सांगतो, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात सांगतो, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की दोर सोडतो. मग तीन तास आजी केबिनमध्ये पडून असतात, नातू रडत असतो आणि कप्तान कोणाशीही बोलत नसतो. अपघात झालाच तर विमा कंपनी विचारणार, निघण्याचा निर्णय कोणाचा? तेव्हा आग्रह करणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते. जबाबदारी एकट्या कप्तानाची असते.

म्हणून शनिवारी संध्याकाळीच, सामान लावून झाल्यावर, घरातील सर्वांत वडील माणसाने कप्तानाला समोर बसवून चहा द्यावा आणि सर्वांच्या देखत सांगावे की दोन दिवस बंदरात गेले तरी या घराची तक्रार नाही, तुम्ही थांबा म्हणाल तेव्हा थांबू. हे वडिलांनीच सांगावे. मुलाने सांगितले तर त्याला ते वजन येत नाही. आणि ते इंग्रजीतून सांगताना घरच्यांनाही मराठीतून पुन्हा ऐकवावे. त्यानंतर रोज सकाळी त्याच्याबरोबर हवामानाचा अंदाज पाहावा, प्रश्न विचारावेत, पर्याय ऐकावेत. प्रश्न विचारणे वेगळे, आग्रह करणे वेगळे. चांगला कप्तान पाहुण्यांच्या प्रश्नांनी खूश होतो.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नौका अलिमोसला परत हवी. पोरॉसहून ते पाच तासांचे अंतर आहे. डिझेल भरण्यासाठी त्या दिवशी सगळ्याच नौका रांगेत असतात, तेव्हा सकाळी लवकर सुटावे. उशीर झाल्यास दंड लागतो, आणि तो बहुधा दैनिक भाड्याच्या पटीत असतो. परतीचे विमान शनिवारी पहाटेचे घेऊ नये. नऊपर्यंत नौका रिकामी करून द्यायची असते, तिच्या बुडाची आणि यादीची तपासणी व्हायची असते. तपासणीच्या वेळी घरातील एकाने तेथे उभे राहावे, कप्तानाची बिदागी त्याच्या हाती द्यावी, आणि अनामत मोकळी केल्याची पावती मागून घ्यावी. कार्डावर रोखलेली रक्कम प्रत्यक्षात सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. गावी परतल्यावर पुढच्या महिन्याचे विवरण आले की ती ओळ शोधून पाहावी.